मिठाचे पान

पान मांडले होते, पेल्यात पाणी ओतले होते, आणि वाढप्याने पानाच्या डाव्या टोकाशी चिमूटभर मीठ ठेवले होते. एवढ्यात स्वयंपाकघराकडून त्याला कोणीतरी हाक मारली आणि तो मिठाचे वाडगे कमरेशी धरून तसाच निघून गेला. त्याच्यामागून लिंबाची फोड, कोशिंबीर, लोणचे घेऊन येणारे हात दुसऱ्याच ओळीकडे वळले. वस्तुतः यात घडले असे काहीच नव्हते. पणजीतल्या एका सभागृहात मे महिन्यातल्या लग्नाची तिसरी पंगत बसली होती, पंखे गरम वाराच फिरवीत होते, आणि गर्दीत एक पान क्षणभर राहून गेले होते. परंतु डॉ. कृष्णनाथ कारापूरकर हात मांडीवर ठेवून त्या पानाकडे पाहू लागले आणि त्यांना आपली नजर तिथून उचलता येईना. हिरवे, ओले, रिकामे पान, आणि एका कडेला तो पांढरा ठिपका. शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या काकांनी ते पाहिले आणि ते मोठ्याने म्हणाले, "बघा, सरांना बरोबर त्यांचंच पान आलं. मूळपुरुष म्हणून बसवलं की काय तुम्हाला?" ओळीतली चार माणसे हसली. कृष्णनाथही हसले. तेवढ्यात वाढपी धावत परत आला, ओशाळून म्हणाला, "माफ करात सर, विसरलों," आणि लिंबू, कोशिंबीर, वरण असे भराभर वाढून पान भरून गेला. पान भरले, पण कृष्णनाथांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. विसरलों. इतके साधे असू शकते?

लोक हसले, कारण पणजीत पुस्तके वाचणाऱ्या कोणालाही मिठाचे पान म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. बावीस वर्षांपूर्वी, वैशाखात, पेडणे तालुक्यातल्या कोरगावच्या एका वाड्यावर तरुण कृष्णनाथांनी एक पंगत पाहिली होती. देवीच्या वर्धापनदिनाला बारा घरांचे बारा मानकरी सभामंडपात एका ओळीने जेवायला बसतात. त्या ओळीत अकराच माणसे होती. सातवे पान मांडलेले होते, त्यावर फक्त मीठ होते, आणि त्यापुढे कोणी बसले नव्हते. जेवण होईपर्यंत ते पान तसेच राहिले. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते, आणि न पाहण्याची ही रीत इतकी सारखी, इतकी काटेकोर होती, की सगळ्यांचे लक्ष तिथेच आहे हे त्यांना जाणवले होते. हे कोणाचे, असे त्यांनी विचारले तेव्हा वाड्याचे पुढारी महादेव किंचित थांबून म्हणाले होते, "तें पान मूळपुरुषाचें." तीन शब्द. त्या तीन शब्दांवर कृष्णनाथांनी चाळीस पानांचे प्रकरण उभारले. गाव आपल्या पंक्तीत न आलेल्यासाठी जागा राखतो; जो पहिल्यांदा आला त्याला तो केवळ मीठ देतो, कारण मीठ म्हणजे निष्ठा आणि अन्न म्हणजे देहाचे बंधन. पुस्तक इंग्रजीत निघाले, परदेशात वाचले गेले, आणि 'रिकाम्या पानाचा सिद्धान्त' अभ्यासक्रमांतून शिकवला जाऊ लागला. माणसाला आयुष्यात एकदाच गवसावे असे काही आपल्याला गवसले, अशी त्यांची नम्र समजूत होती. ते मुळात बुजरे होते. सभेत ते मागच्या रांगेत बसत. त्या पानाने त्यांना आवाज दिला होता.

जेवून ते मांडवीच्या काठाने चालत निघाले. मोडलेल्या पुलाचे खांब पाण्यात उभे होते. पूल कोसळून वर्ष होत आले होते आणि पणजीकर पुन्हा फेरीबोटीच्या रांगांना सरावले होते. भिंतीभिंतींवर कोकणी-मराठीच्या वादातल्या घोषणा अजून अर्धवट पुसलेल्या अवस्थेत होत्या. त्यांच्यावरच आता घटकराज्याच्या सोहळ्याचे कागद चिकटवले जात होते. त्या वादाच्या दिवसांतही मिठाचे पान दोन्ही बाजूंनी आपापल्या ओळीत मांडले होते. हे खास गोव्याचे, इतर कुठे नाही, असे एकांनी लिहिले. हे पलीकडच्या सावंतवाडीशी आपले नाते सांगते, असे दुसऱ्यांनी. कृष्णनाथांनी दोघांनाही विनयाने होकार दिला होता. येत्या तीस तारखेला राज्य होणार, त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात त्यांचे ते प्रकरण छापले जाणार होते, आणि मुद्रिते त्यांच्या टेबलावर येऊन पडली होती. चार दिवसांपूर्वी त्यांची तपासणी करीत असतानाच ती बाई आली होती.

तिला ते विसरले नव्हते, बाजूला सारून बसले होते एवढेच. चाळिशीच्या आतबाहेरची, काटक. चपलांना आणि पदराच्या काठाला खनिजाच्या तांबड्या मातीचा रंग चढलेला. दारातच उभी राहून म्हणाली होती, "सर, तुमी म्हाका वळखूंचे नात. हांव सोयरूची चली, शेवंती. मूळ कोरगावची. आतां मयें आसतां." बसा म्हटले तरी ती बसली नाही. "तुमच्या पुस्तकांतलें तें पान मूळपुरुषाचें न्हय. तें माज्या बापायचें." कृष्णनाथांना क्षणभर हसू आले होते, जसे विद्यार्थ्याच्या भाबड्या प्रश्नाला येते. "बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "म्हाका जालो आसत. पूण बापायक कसो जातलो? पान ताचेंच आशिल्लें." मग तिने सांगितले. कुळकायदा आला त्या वर्षी शेते कोण कसतो याची नोंद करायला एक कारकून वह्या घेऊन वाड्यावर आला. सगळ्यांनी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. एकट्या सोयरूने खरे ते सांगितले. वाड्याचे गुपित बाहेर फोडले म्हणून दुसऱ्या दिवसापासून सोयरूला वाळीत टाकले. विहिरीवर दोर मिळेना, न्हावी हात लावीना. पंधरा दिवसांनी बायकापोरे घेऊन तो डिचोलीकडे खाणीवर निघून गेला. "फुडल्याच म्हयन्यांत तुमी आयलात. तेंय वह्यो घेवन."

तिला हवे होते ते एवढेच: तिच्या मुलाचे, प्रवीणचे, लग्न ठरले होते. प्रवीण खनिजाचा ट्रक चालवत असे. वडील लहानपणीच गेलेले. तो आजोबांच्याच घराचा म्हणून वाढला. मुलगी कोरगावजवळचीच. लग्नाचा पहिला नारळ देवीपुढे आपल्या घराच्या नावाने ठेवायचा, आणि तो मान पंगतीत ज्याचे पान असते त्यालाच. नारळ नाही तर मुलीकडचे येणार नाहीत. ती महादेवांकडे दोनदा जाऊन आली होती. महादेव म्हणाले होते, तुझ्या बापाचे पान कुठे आहे दाखव. सातवे पान मूळपुरुषाचे, हे साऱ्या जगाने छापून ठेवले आहे. "तुमी दोन वळी बरोवन दियात. आमचें कोण आयकना. तुमचें आयकतले." कृष्णनाथ म्हणाले होते, बघतो. ती निघाली, आणि पायरी उतरता उतरता, तक्रार करण्याच्या स्वरात नव्हे, नुसती आठवण करून दिल्यासारखी बोलली, "तुमी रावताले तें घर आमचें. न्हाणयेंत तांब्याचें भाण आशिल्लें. पोचें आयिल्लें, दारापासल्यान. तें हांवें पाडयिल्लें."

भाणाला पोचा होता. आज ते आठवून कृष्णनाथ नदीकाठच्या पायरीवर थांबले. फेरीबोटीचा भोंगा वाजला. चौदा महिने त्या भाणात पाणी तापवून त्यांनी आंघोळ केली होती, आणि दररोज सकाळी त्या पोच्यापाशी धूर अडकून डोळ्यांत जाई. रिकामे घर आहे, राहा, असे महादेव म्हणाले होते, आणि ते राहिले होते. तुळशीच्या मातीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडत. भिंतीवर एका खुंटीला फणसाच्या लाकडाचा पाट टांगलेला होता. तो उतरवून, त्यावर वह्या ठेवून ते लिहीत. कोणाचे घर, हे त्यांनी अर्थातच विचारले होते. संशोधक ते विचारतोच. 'खाणीवर गेले' असे उत्तर आले आणि ते त्यांनी दुसऱ्या प्रकरणातल्या स्थलांतराच्या कोष्टकात लिहिले: एक कुटुंब, पाच माणसे. कोष्टक दुसऱ्या प्रकरणात, पान पाचव्यात. मधली दोन प्रकरणे ओलांडून एकाने दुसऱ्याला ओळखले नाही. की ओळखू दिले गेले नाही? हा प्रश्न मनात येताच त्यांना एक प्रकारची हुशारी वाटली. कारण दोष बाहेर असला की संशयाला पाय फुटतात. ही बाई आताच का आली? बावीस वर्षे कुठे होती? नव्या विद्यापीठात त्यांच्या विभागावर डोळा ठेवून बसलेले एक-दोघे होते; गौरवग्रंथ निघण्याच्या तोंडावरच हे प्रकरण उकरून काढणारे कोणी असू शकते. राज्य होऊ घातले होते, आणि प्रत्येकाला कोणीतरी पाठवलेले असण्याचे ते दिवस होते. मग त्यांना आठवले, की कोरगावात पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्यांनाही हेच विचारले होते. नाव नव्हे, गाव नव्हे. "कोणें धाडलां तुमकां?"

घरी आले तेव्हा ताराबाई वाळत घातलेल्या आमसुलांचे सूप आत आणीत होत्या. ताराबाई बेळगावच्या, लग्नानंतरची पहिली दोन वर्षे त्यांनी टंकलेखन यंत्रापुढे त्या पुस्तकावर घालवली होती. कृष्णनाथांनी बूट न काढताच विचारले, "पाचव्या प्रकरणात एक तळटीप होती ना? सातव्या पानाविषयी. टंकताना गळली असेल." ताराबाईंनी सूप खाली ठेवले. "इतक्या वर्षांनी विचारताय? अहो, मी तुमचा स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही कधी. तुम्ही खोडलेलं तेवढंच खोडलं मी." "मी काय खोडलं?" "ते मला कसं आठवणार? वह्या तुमच्या. माळ्यावर आहेत." आणि आमसुले बरणीत भरता भरता, बारीक हसून, "आता माझ्यावर संशय घ्यायचा तर चहा घेऊन घ्या. उपाशी पोटी घेऊ नये," असे त्या म्हणाल्या. कृष्णनाथांना राग आला, आणि रागाच्या मागे त्यांना स्वतःचा चेहरा दिसला; तो त्यांना आवडला नाही.

वह्या चौदा होत्या. त्यांना हवी होती ती नववी. हे त्यांना कसे ठाऊक होते, याचे त्यांना त्या क्षणी आश्चर्य वाटले नाही. पण ती लगेच उघडण्याऐवजी ते खिडकीपाशी बसून राहिले आणि पल्लवीचा विचार करू लागले. पल्लवी ही त्यांची सर्वांत चिकाटीची विद्यार्थिनी. तिने डिचोली तालुक्यातल्या आणखी तीन गावांत मिठाचे पान शोधून काढले होते, आणि त्या प्रबंधाने सिद्धान्ताला जणू भावंडे मिळाली होती. किती आनंद झाला होता त्यांना. आता वाटले, पल्लवीने त्या गावांत विचारले असेल, 'तुमच्यात असं पान असतं का?' आणि शहरातून आलेल्या, नम्रपणे बोलणाऱ्या, चहाला नाही न म्हणणाऱ्या मुलीला नाही कोण म्हणणार? पुढच्या वर्षी ती परत येणार, छायाचित्र काढणार, म्हणून त्यांनी एक पान मांडले असेल. कोरगावात तरी काय झाले होते? दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात, ते कॅमेरा घेऊन गेले तेव्हा, सातवे पान आदल्या वर्षीपेक्षा मोठे होते. मीठही जास्त होते, नीट रचून ठेवलेले. तेव्हा त्यांना वाटले होते की प्रकाश चांगला आहे. कोरगावचे नाव लपवण्यासाठी त्यांनी पुस्तकात त्या वाड्याला 'सावरवाडी' असे कल्पित नाव दिले होते; काही वर्षांनी तिथल्या पोरांनी 'सावरवाडी कला मंडळ' काढून नाटक बसवल्याचे निमंत्रण आले, तेव्हा ते आणि ताराबाई किती वेळ हसत होते. माणसाने एखाद्या तळ्यात आपले प्रतिबिंब पाहावे, आणि मग ते तळेच त्याच्या चेहऱ्यासारखे दिसू लागावे, तसे काहीसे घडत आले होते, आणि तो काठावर उभा राहून सारखा म्हणत होता: पाहा, किती जुने आहे हे.

वही उघडली तेव्हा कागदाला अजून त्या न्हाणीचा, धुराचा वास होता. शिसपेन्सिलीने लिहिलेले, घाईचे, त्यांचेच अक्षर. 'बाबलीने सातव्या पानावर मीठ वाढले. थबकला. महादेवकडे पाहिले. महादेवने मान हलवली. बाबली पुढे गेला.' खाली वेगळ्या वेळी लिहिलेले: 'जानकी चुलीपाशी दुसऱ्या बाईला म्हणाली, सोयरूचें पान सवयीन मांडलें, आनी बाबलीन मीठय घाललें. वाढिल्लें पान उखलूंक येना.' जानकी म्हणजे महादेवांची बायको. आणि त्यापुढे एकच शब्द, दोनदा अधोरेखित: 'तपासणे.' पुढचे पान शाईने लिहिलेले होते, शांत, सुवाच्य अक्षरात, आणि ते असे सुरू होत होते: 'मूळपुरुषासाठी राखलेले पान...'

त्यांनी वही मिटली नाही. खाली रस्त्यावर पाववाल्याच्या सायकलीचा भोंगा वाजत गेला. संशय घ्यायला आता कोणी उरले नव्हते. महादेवांनी त्यांना फसवले नव्हते. घरची लाज परक्यासमोर झाकावी तसे तीन शब्द बोलून ते मोकळे झाले होते. बाबलीने फसवले नव्हते. पंधरा वर्षांच्या सवयीचा हात एका निमिषात पुढे गेला आणि मग त्याला आठवले, की आता हा माणूस आपला नाही. वाढलेले पान उचलता येत नाही आणि वाळीत टाकलेल्याला वाढता येत नाही, या दोन नियमांच्या मधल्या फटीत ते चिमूटभर मीठ राहून गेले होते. विसरणे नव्हते ते. विसरायला सांगितलेल्या हाताला क्षणभर आठवले होते. आणि सव्वीस वर्षांच्या एका बुजऱ्या मुलाने, ज्याला पुण्याला आपल्या विद्यापीठात परत जाऊन काहीतरी दाखवायचे होते, पेन्सिल ठेवून शाईची लेखणी उचलली होती. तपासणे म्हणजे काय करायचे होते? चुलीपर्यंत वीस पावले चालत जाऊन जानकीला विचारायचे होते. त्यांना त्या वीस पावलांची भीती वाटली होती. बायकांशी बोलताना त्यांची जीभ अडखळे, हे खरे होते. पण तेही पूर्ण खरे नव्हते. सुंदर उत्तर हातात असताना माणूस दुसऱ्या प्रश्नाच्या दारात जात नाही, हेच खरे.

दोन ओळी लिहून टपालात टाकता आल्या असत्या. त्यांनी तीनदा लिहिल्या आणि तीनदा फाडल्या; प्रत्येक वेळी वाक्य असे काही वळण घेई की चूक एखाद्या नव्या सिद्धान्तासारखी दिसू लागे. वर्धापनदिन शनिवारी होता. त्यांनी शेवंतीला निरोप पाठवला, नववी वही पिशवीत घातली, आणि मुद्रिते न तपासताच बांधून ठेवली. ताराबाईंनी विचारले, "मुद्रिते परत करणार?" कृष्णनाथ म्हणाले, "माहीत नाही." "वही नेताय म्हणजे माहीत आहे," ताराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली ठेवली.

म्हापशाहून निघालेली बस कोरगावच्या चढावर आली तेव्हा काजूच्या बोंडांचा आंबट, पिकून सडू लागलेला वास खिडकीतून आत शिरला. हंगाम संपत आला होता. वाड्याच्या तोंडाशी कमान होती आणि तीवर रंगाने लिहिले होते: 'सावरवाडी आपले स्वागत करीत आहे.' महादेव स्वतः कमानीपर्यंत आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, पांढरे धोतर. "कृष्णनाथबाब, तुमी येतलात हें सांगूंक नाका आशिल्लें? हार तरी हाडपाचो." सभामंडपात त्यांनी पेटी उघडून दाखवली. देवीच्या दागिन्यांशेजारी, लाल फडक्यात, त्यांच्या पुस्तकाची प्रत होती. तिच्या वेष्टणावर हळदीकुंकवाची बोटे उमटली होती. इंग्रजी कोणाला येत नव्हते. मध्ये मराठी भाषांतराचे चक्रमुद्रित कागद शिवलेले होते, पाचव्या प्रकरणापुरते. मंडपाबाहेर, चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या पलीकडे, शेवंती उभी होती. तिच्याजवळ खाकी शर्टातला एक उंच मुलगा होता. त्याच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी चौकोनी होते. कागद एका कोपऱ्यात फाटला होता आणि तिथून फणसाचे ओळखीचे, पिवळे लाकूड दिसत होते; खुंटीवरचा तो पाट त्यांनी जुन्या घरातून काढून आणला होता.

पाने मांडली गेली. अकरा मानकरी बसले. सातव्या पानाभोवती आता रांगोळी असे. ओळीत पहिले बसलेल्या महादेवांनी हात जोडून म्हटले, "सर, दोन उतरां सांगात." कृष्णनाथ उभे राहिले. ते म्हणाले, की मी लिहिले ते चुकीचे आहे. सातवे पान सोयरूचे. त्याला वाळीत टाकल्यावर सवयीने मांडले गेले. मला त्या दिवशीच कळले होते, आणि मी ते लिहिले नाही. सांगून संपले तेव्हा किती थोडे शब्द लागले याचे त्यांना नवल वाटले. मग एक तरुण, बहुधा नाटकमंडळातला, मागून म्हणाला, "पुस्तकांत तशें ना." दुसरा म्हणाला, "हे आतां कित्याक सांगतात? राज्य जातां म्हूण कोणाक तरी जाय आसतलें." आणि मग, खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, कोणीतरी विचारले, "कोणें धाडलां तांकां?"

तीच नजर होती. बावीस वर्षांपूर्वी कमान नव्हती, रांगोळी नव्हती, पण ही नजर हीच होती. कृष्णनाथांनी पिशवीतून वही काढली. "हे बघा, हे मी तेव्हाच लिहिलं होतं." महादेवांनी वही हातात घेतली नाही. "सर, तुमी थकल्यात. हें तुमीच बरयलां, आनी तेंय तुमीच बरयलां. एक पेन्सिलीन, एक छापून. आमी खंयचें मानूंचें? छापिल्लेंच न्हय?" त्यांच्या आवाजात कपट नव्हते, आणि तेच असह्य होते. जगभर वाचलेल्या पुस्तकापुढे स्वतः लेखकाची साक्ष म्हणजे एका थकलेल्या माणसाची बडबड ठरत होती. पंगत खोळंबली होती. महादेवांनी वाढप्यांना खूण केली.

मीठ वाढायला बाबली आला. तोच बाबली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, डावा हात पुढच्या वाढप्याच्या खांद्यावर. सातव्या पानावर मीठ ठेवण्याचा मान आता त्याच्याच घराचा होता. त्यासाठी त्याला दरवर्षी नारळ मिळे. पहिले पान, दुसरे, तिसरे. सातव्यापाशी तो वाकला. कृष्णनाथ अजून उभेच होते, आणि त्यांच्या तोंडून बावीस वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न निघाला, अगदी हळू, जणू चुलीपाशी बसलेल्या कोणाला विचारावा तसा. "बाबली, त्या दिवशी तू थांबलास का?"

बाबलीने चिमूट पानावर सोडली. मग तो सरळ झाला नाही. वाकलेल्या अवस्थेतच त्याने मान वळवली, महादेव जिथे बसतात त्या दिशेला, आणि थोडा वेळ तसाच राहिला. पण त्याला दिसत नव्हते, त्यामुळे महादेवांनी मान हलवली की नाही ते त्याला कळणार नव्हते. "थांबलों," तो म्हणाला. "हाताक खबर नाशिल्ली. फाटल्यान कळ्ळें." मग मागच्याला, जरा त्रासून, जसे रोजच्या कामात कोणी दिरंगाई करावी तसे, "शीत हाड रे. कितें पळयता? सोयरूच्या पानार शीत घाल."

भाताचे भांडे घेतलेला वाढपी जागच्या जागी उभा राहिला. बाबलीने हात मागे करून चाचपत भांड्याची कड धरली, ते ओढून घेतले, आणि सातव्या पानावर मूद घातली. वाफ वर आली. आता मिठाचे पान नव्हते ते. वाढलेले ताट होते, आणि वाढलेल्या ताटावर माणूस बसल्याशिवाय पंगतीला घास उचलता येत नाही, हे त्या मंडपातल्या प्रत्येकाला, नाटकवाल्या पोरांनाही, ठाऊक होते. अकरा माणसे हात आखडून बसली. भात निवू लागला. बाहेर पायरीवर हालचाल झाली. शेवंतीने मुलाच्या पाठीला नुसता हात लावला होता. प्रवीण चपला काढून आत आला. त्याच्या पावलांचे तांबडे ठसे फरशीवर उमटत गेले. त्याने वर्तमानपत्र सोडले, पाट सातव्या पानापुढे ठेवला, रांगोळी थोडी पुसली गेली, आणि तो बसला. मोठे हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हते. त्याने ते मांडीखाली घेतले.

महादेवांच्या उजव्या तळहातावर पाणी होते. पानाभोवती ते फिरवले की पंगत सुरू होते. पाणी बोटांतून थेंबथेंब गळत होते आणि ते फिरवीत नव्हते. त्यांनी कृष्णनाथांकडे पाहिले. त्या नजरेत राग होता, आणि त्याखाली काहीतरी जुने, दमलेले, जवळजवळ सुटल्यासारखे. "बरयात, सर," ते म्हणाले. "आतां हेंय बरयात."

कृष्णनाथांच्या हातात वही होती आणि खिशात लेखणी होती. बाबलीने भात घातला तो आठवले म्हणून, की मी विचारले म्हणून? मी इथे नसतो तर त्याने ओढले असते ते भांडे? पुढच्या वर्षी पल्लवीसारखे कोणी येईल आणि या भाताचाही अर्थ लावील. या शंका एकामागून एक आल्या आणि त्यांच्याशी आता त्यांचे भांडण नव्हते. त्या सोबतीला राहणार होत्या. त्यांनी वही पिशवीत ठेवली. पिशवी खांबाशी ठेवली. मग चुलीच्या बाजूला, जिथे बायका पदर सावरून हे सगळे पाहत उभ्या होत्या, तिकडे ते चालू लागले. वीस पावले होती. जानकी भिंतीला टेकून बसली होती, म्हातारी, आणि तिने त्यांच्यासाठी जागा करीत जमिनीवरचा कोयता बाजूला सारला. मागे मंडपात पाणी पानाभोवती फिरल्याचा अगदी बारीक आवाज झाला.